मतांगीकार म्हणवत नाही, पण देवही सुटत नाही

सीनाकाठ

नमस्कार मंडळी,

हे आमच्या चर्चमध्ये मोकळेपणाने बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितेय. धर्मावरचे धागे लवकर भरकटतात. जरा सांभाळून घ्या.

मी नगरची, जन्माने ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं आणि आमच्या घरातली माणसं त्या मिशनच्या शाळांमधून शिकली. १९७० साली आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली. रविवारची उपासना, संडे स्कूल, नाताळातली भजनं हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

या उन्हाळ्यात दृढीकरणाचा वर्ग मी घ्यावा असं पाळकसाहेबांनी सांगितलंय. बाकीच्यांसाठी सांगते: लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं कळत्या वयात आली की मंडळीसमोर आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करतात, ते दृढीकरण. त्यासाठी मुलांना प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची ठरलेली कबुली, शिकवायचा असतो. कुमारीपोटी जन्म, मरणातून शरीराने उठणं, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला परत येणं, हे सगळं त्यात आहे. यातल्या काही ओळी गेली कित्येक वर्षं माझ्या तोंडून निघत नाहीत. मी उभी राहते आणि त्या ओळींपुरती गप्प बसते.

चमत्कारांचं मला एवढं काही वाटत नाही. मला अडतं ते तारणाच्या कुंपणापाशी. माझ्या शाळेत एक बाई आहेत, हिंदू. ज्यांना घरी कोणी विचारत नाही अशा मुलांना त्या शाळा सुटल्यावर स्वतःच्या घरी बसवून शिकवतात, खाऊ घालतात. माझ्या नावापुढे बाप्तिस्म्याची नोंद आहे म्हणून मी आत आणि त्या बाहेर, असा हिशेब ठेवणारा देव मला येशूच्या बोलण्यात कुठेही दिसत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तर मुळीच नाही.

आणि तरी प्रार्थना सुटत नाही. रात्री कोणाशी तरी बोलल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि ते कोणी तरी ऐकतं असं मला वाटतं. याला भास म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नाही. पण चौथ्या शतकातल्या बिशपांनी ठरवलेल्या शब्दांतच ते बसवायचं, यालाही मन तयार होत नाही.

या सगळ्यात मला सर्वात जवळचे वाटतात ते रेव्हरंड टिळक. शाळेत आपण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून शिकतो. चर्चमध्ये भजनकार म्हणून गातो. शेवटच्या दोन वर्षांबद्दल मात्र दोन्हीकडे फारसं कोणी बोलत नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचत वाचत ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरदार, जात, बायको-मुलगा सगळं दुरावलं. लक्ष्मीबाई पुढे परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. इतकी किंमत मोजून जिथे आले, ते मिशनही टिळकांनी १९१७ मध्ये सोडलं. पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा हा मेळा. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही सारखी जागा. ९ मे १९१९ ला ते मुंबईत वारले आणि दरबार पुढे फार काळ टिकला नाही.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. माझ्या मते दरबार काढताना त्यांनी तोच पूल उलट बाजूनेही मोकळा केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाला शिष्य म्हणणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. आजही नाही.

तर विचारायचं ते असं. परंपरेच्या चौकटीबाहेर राहून, पण मनापासून देव शोधणारे इथे कोणी आहेत का? तुम्ही कशाचा आधार घेता, एकटे असता की सोबत आहे? आणि मी हा वर्ग घ्यावा का?

बावखल

फार प्रांजळ लिहिलंय ताई. मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे कुंपणाबद्दल एक मोठा बदल झाला तो २८ ऑक्टोबर १९६५ ला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या दिवशी जाहीरनामा काढला की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. गावच्या प्रवचनात हे फार क्वचित कानावर येतं, पण अधिकृत भूमिका तीच आहे.

तुम्हाला स्वामी अभिषिक्तानंदांबद्दल वाचायला सुचवेन. मूळचे फ्रान्समधले बेनेडिक्टाइन संन्यासी, आंरी ल सो. १९४८ मध्ये भारतात आले, तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगराच्या गुहांमध्ये राहिले, पुढे हिमालयात. ते मिस्साही (कॅथलिक उपासनाविधी) करायचे आणि अद्वैताचा अनुभवही नाकारायचे नाहीत. दोन्ही एकत्र कसं बसवायचं हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला आणि तो सुटल्याचं सोंग त्यांनी केलं नाही. १९७३ मध्ये इंदूरला वारले. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमातल्या सिस्टर सारा ग्रँट याही अशाच. शांकरवेदान्ताचा आयुष्यभर अभ्यास केला आणि शेवटपर्यंत नन राहिल्या. या लोकांना बाहेरचे म्हणायचं की आतले, मला ठरवता येत नाही.

दीपस्तंभ

जय ख्रिस्त, सीनाकाठताई.

मी निवृत्त पाळक आहे. तुमचा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, पण बहुतेक वेळा तो माणूस मंडळी सोडून गेल्यानंतर. तुम्ही आत राहून विचारताय, याचा आनंद आहे. तरी दोन-तीन बाबतींत माझं मत वेगळं आहे.

टिळकांनी मिशन सोडलं, ख्रिस्त सोडला नाही. त्यांच्या दरबारात गुरू एकच होता. त्यांना नको होती ती परदेशी पैशावर आणि परदेशी वळणावर चालणारी व्यवस्था. त्यांना मतांगीकाराबाहेरचा शोधक ठरवताना आपण आपली आजची अडचण त्यांच्या तोंडी घालतोय का, हे तपासून बघा.

चौथ्या शतकाबद्दल. बिशपांची निकायाची परिषद ३२५ सालची. एरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं की पुत्र निर्माण केलेला आहे, अनादी नाही. तुम्हाला हा शब्दांचा कीस वाटेल. पण त्यामागचा प्रश्न असा होता की वधस्तंभावर दुःख सोसणारा तो खुद्द देव, की देवाने पाठवलेला दुसराच कोणी? माझ्यासाठी सगळं त्या उत्तरावर उभं आहे. दुःखात पडलेल्या माणसाकडे देव स्वतः येतो की निरोप्या पाठवतो?

आणि एक स्वतःचं सांगतो. माझी पत्नी गेली त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. पाळक असून येईना. रविवारी उपासनेत सगळे मतांगीकारासाठी उभे राहिले, मीही राहिलो. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हते, पण आजूबाजूला शंभर माणसं तेच शब्द म्हणत होती. माझ्या बाजूला एक म्हातारे शेतकरी होते, त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते मोठ्याने म्हणत होते. त्या दिवशी मला कळलं की हा मतांगीकार माझ्या एकट्याच्या खात्रीवर चालत नाही. ज्या दिवशी माझ्याजवळ विश्वास नसतो त्या दिवशी मंडळी तो माझ्यासाठी सांभाळते. एकट्याने देव शोधणाऱ्याला हे कोण देणार?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण पुढे कोणी तरी देईलच. त्यांनीही तरुणपणी त्रैक्यावर, म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर, वाद घातला. पण १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आत्मिक संजीवन झालं, तेव्हा त्या कुठे उभ्या होत्या तेही पाहा.

सीनाकाठ

दीपस्तंभकाका, मनगटाचं वाचलं आणि बराच वेळ पुढचं वाचता आलं नाही. हे मला कोणी कधी असं सांगितलं नव्हतं. टिळकांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्यांचा ख्रिस्त मधोमधच होता. माझाही आहे. मला जवळचं वाटतं ते हे, की बाप्तिस्म्याची रेघ त्यांनी पुसली.

रमाबाईंचं मात्र मी थोडं वेगळं वाचते. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. नवरा आदल्याच वर्षी गेलेला. परक्या देशात, ज्या सिस्टरांच्या आश्रयाने राहत होत्या त्यांनाच त्या पत्रांतून विचारत होत्या की त्रैक्य मी का मानू, अथनेशियसाच्या मतांगीकारात न मानणाऱ्याला शाप आहे तो मी का म्हणू. इथल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पंचविशीतली विधवा, पदरात मूल, आणि हा ताठ कणा! पुढे त्यांची श्रद्धा गाढ झाली, मुक्तीमध्ये तर ती ओसंडून वाहिली, हे खरं. पण ती त्यांची स्वतःची श्रद्धा होती. वाँटेजच्या सिस्टरांनी सांगितलं तसं त्यांनी १८८५ मध्येच मान डोलावली असती, तर ती तशी झाली असती असं मला वाटत नाही.

विवेकी

मी नास्तिक आहे, त्यामुळे बाहेरून विचारतो. तुमच्या त्या सहकारी बाई मुलांना खाऊ घालतात, त्याला कुठलाच देव लागत नाही. कुमारीजन्म सोडला, न्यायाचा दिवस सोडला, तर पुढची पायरीही का उतरू नये? अर्ध्यावर थांबण्याचं कारण काय?

सीनाकाठ

विवेकी, चांगलं वागायला देव लागत नाही हे मला मान्य आहे. मी काही ओळी गाळल्या त्या मला खोट्या किंवा क्रूर वाटल्या म्हणून. प्रार्थना तशी वाटत नाही. उलट ती करताना मी स्वतःशी जास्त खरं बोलते. जे खरं वाटतं ते केवळ हिशेब पूर्ण करायला टाकून द्यायचं, हे तुमच्या तर्कालाही पटू नये. उद्या तेही तपासून पोकळ निघालं तर तुम्हाला इथेच येऊन सांगेन.

मिडलंड्सकर

मी पुण्याचा, आता इंग्लंडमध्ये. घर देशस्थी, रामाचं नवरात्र असायचं. ख्रिस्ती धर्माशी संबंध कॉन्व्हेंटपुरता. गेली काही वर्षं रविवारी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेला जातो. तुम्ही ‘सोबत आहे का’ विचारलंत म्हणून तिथलं सांगतो.

साधी खोली. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. मध्ये एक मेज, त्यावर फुलं, बायबल आणि सल्ले-प्रश्नांची एक लाल पुस्तिका. पाळक नाही, वेदी नाही, गाणी नाहीत. लोक येतात, बसतात आणि तासभर शांत राहतात. कोणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उभा राहतो, दोन-चार वाक्यं बोलतो, बसतो. त्याला कोणी उत्तर देत नाही. पुढचा बोललाच तर मध्ये पुरेशी शांतता जाऊ देतो. एकदा एक आजी उठल्या, मुलाशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं आणि काल त्याला पत्र टाकलं एवढंच बोलल्या. त्यानंतर शेवटपर्यंत कोणीच बोललं नाही. वेळ संपली की दोघं ज्येष्ठ हस्तांदोलन करतात, मग सगळे एकमेकांशी करतात. झालं.

हे सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सपासून सुरू झालं. प्रत्येक माणसात देवाचं काही तरी आहे आणि ते थेट ऐकता येतं, मध्ये पुरोहित नको, ही त्याची धारणा. त्यासाठी त्याने आणि त्याच्या लोकांनी तुरुंग भोगले. मतांगीकार नाहीच. पण म्हणून काहीही चालतं असंही नाही, दीपस्तंभकाकांची शंका मला कळते. त्यांच्या कामकाजाच्या सभेत मतदान नसतं. कारकून तिथल्या तिथे ठराव लिहितो, वाचून दाखवतो, आणि सगळ्यांना तो खरा वाटेपर्यंत बदलतो. एका दुरुस्तीच्या खर्चावर आम्ही तीन सभा घालवल्या आहेत. एकट्याच्या मनात आलं तेच देवाचं म्हणणं, असं धरून चालायला तिथे वाव नाही. चौघांत ते तपासलं जातं.

गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला आले होते तेव्हा बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर केंद्रात मुक्कामाला होते. आपल्या बाजूला मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ (आता नर्मदापुरम) रसूलियाला क्वेकरांचं जुनं केंद्र आहे. मार्जोरी साइक्स या इंग्लिश क्वेकर शिक्षिका तिथे बरीच वर्षं होत्या.

मी संध्याकाळी रामरक्षा म्हणतो. तिथे कोणी हरकत घेतलेली नाही.

ईशान्येकडे

वाचतोय. चांगला धागा. नोकरीनिमित्त मेघालयात होतो, तिथलं सांगतो, कारण असा शोध एकट्यादुकट्याचाच राहतो असं नाही.

हाजोम किसोर सिंग नावाचे खासी गृहस्थ. पंधरा-सोळाव्या वर्षी वेल्श मिशनकडून ख्रिस्ती झाले. नरकाची शिकवण आणि त्रैक्य काही केल्या पचेना. येशूचं बोलणं मात्र सोडवेना. बाहेर पडले, स्वतःच वाचत-विचार करत राहिले. मग कळलं की आपण जे म्हणतोय त्याला जगात युनिटेरियन म्हणतात आणि कलकत्त्याला त्यांचा एक अमेरिकन धर्मोपदेशक आहे, चार्ल्स डॉल. पत्रव्यवहार झाला. १८ सप्टेंबर १८८७ ला जोवाईला स्वतःच्या घरी पहिली उपासना केली, तीही मोजक्या तीन-चार माणसांत. आज त्या डोंगरांत त्यांची काही हजार माणसं आणि गावोगाव चर्च-शाळा आहेत. देव एक, तो बाप तसाच आईही, ही त्यांची पहिली शिकवण. खासी समाजात वंश आईकडून चालतो, त्यामुळे हे तिथे अगदी घरचं वाटतं.

मिशनरी हुसकावत नव्हते, परदेशी पैसा नव्हता, फक्त पटत नव्हतं म्हणून माणूस उठला. टिळकांच्या दरबारापेक्षा हे का टिकलं? माझा अंदाज, दरबार एका मोठ्या माणसाभोवती होता आणि तो दोन वर्षांत गेला. हाजोम १९२३ पर्यंत होते, आणि गावागावात काम वाटून दिलं.

फुलेवाडा

महाराष्ट्रातल्या युनिटेरियन धाग्याचा उल्लेख राहिला. विठ्ठल रामजी शिंदे! वडील वारकरी, घर जमखंडीचं. १९०१ मध्ये युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले आणि दोन वर्षं धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांना कोणी व्हायला सांगितलंही नाही. परत आले ते प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून. १८ ऑक्टोबर १९०६ ला मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांमध्ये बायकामुलांसह जाऊन राहिले. उदार धर्म म्हणजे सुशिक्षितांची रविवारची व्याख्यानं, हा आक्षेप त्यांच्यापाशी तरी टिकत नाही.

त्याआधी दादोबा पांडुरंग. मराठी व्याकरणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी उतारवयात स्वीडनबोर्ग या स्वीडिश विचारवंताच्या ख्रिस्ती गूढवादावर एक पुस्तक लिहिलं, ते १८७८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला.

आणि जोतीराव. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, बायबल वाचलं, ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी ओळखीतले. तरी स्वतः ‘निर्मिक’, म्हणजे सगळ्यांचा एकच निर्माता, मानला आणि मध्यस्थ कोणीच मानला नाही. ते गेल्यानंतर, १८९१ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात एक कुटुंब रंगवलंय. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात एकमेकांचा द्वेष न करता नांदावं. ताई, तुमच्या वर्गातल्या मुलांना हा एक उतारा वाचून दाखवाच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तो लगेच कळतो.

दीपस्तंभ

फुलेवाडा, शिंद्यांबद्दल लिहिलंत ते फार चांगलं केलंत. शोध खरा की नुसता सोयीचा, हे मी माणसाच्या रोजच्या कामावरून ओळखतो, आणि तिथे मला शिंदे आणि रमाबाई शेजारी शेजारी दिसतात. कुमारीजन्मावर दोघांचं काय मत होतं हा प्रश्न तिथे मागे पडतो. हे बोलताना माझ्या मूळ मुद्द्यापासून मी हललेलो नाही. वधस्तंभावर देव स्वतः होता असं मी मानतो आणि मानत राहीन.

ताई, वर्ग तुम्हीच घ्या असं माझं मत. शंका नसलेल्या शिक्षकापुढे मुलं शंका बोलत नाहीत. फक्त जे तुम्ही मानत नाही ते मानता असं मुलांना भासवू नका, आणि तुमची शंका त्यांच्यावर लादूही नका. पाळकसाहेबांना आधी सगळं सांगा.

सीनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाळकसाहेबांशी बोलले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले मतांगीकाराचे तास मी स्वतः घेतो, तुम्ही त्या तासांना मुलांबरोबर बाकावर बसा. डोंगरावरचं प्रवचन, टिळक, रमाबाई हे माझ्याकडे. फुल्यांच्या उताऱ्याला त्यांनी होकारही दिला नाही आणि नकारही नाही. मी तो घेणार आहे आणि तसं त्यांना सांगितलंय.

मुलांनी ‘तुम्ही हे मानता का’ असं थेट विचारलं तर थेट सांगणार. कुठली ओळ म्हणते, कुठली म्हणत नाही आणि का. आणि दीपस्तंभकाकांची मनगटाची हकीकतही सांगणार, त्यांची परवानगी असेल तर. ती ऐकल्यापासून मी त्या ओळींना गप्प उभी असते तेव्हा शेजारची माणसं काय म्हणतायत ते नीट ऐकते.

मिडलंड्सकर, मुलांना शेवटची दहा मिनिटं नुसतं शांत बसवावं म्हणते. या वयात जमेल का?

मिडलंड्सकर

दहा जास्त होतील. पाचपासून सुरू करा, आणि डोळे मिटायची सक्ती नको. आमच्याकडे मुलं सभेत सुरुवातीची थोडी मिनिटंच बसतात, मग त्यांना दुसऱ्या खोलीत नेतात.

दीपस्तंभ

परवानगी आहे, जरूर सांगा. आणि एक सुचवतो. तक्रारीची वचनंही घ्या. तेरावं स्तोत्र, ईयोबाचा तिसरा अध्याय, आणि मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप, जो एका दमात विश्वास आहे म्हणतो आणि अविश्वास घालवायला मदतही मागतो. पण पहिल्याच दिवशी नको. मुलांना आधी एकमेकांची सवय होऊ द्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घ्या. ईयोब वाचताना घाई करू नका, तो अध्याय मुलांनाच आळीपाळीने वाचू द्या.